शिंगरावर पहिल्यांदा बसायचं कसं? त्याआधीचे सहा महिने जास्त महत्त्वाचे आहेत

मोबाईलवर ही रील तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. गावाकडचं रान, मधे एक कोवळं घोडं. दोघांनी दोऱ्या ताणून धरल्यात, एकानं कान पिरगाळून धरलाय आणि चौथा पोरगा पळत येऊन थेट पाठीवर उडी मारतो. घोडं दोन पायांवर उभं राहतं, मग मागचे पाय झाडतं आणि पोरगा मातीत. मागे हलगी वाजतेय, खाली हसणाऱ्या इमोजींचा पाऊस.

आपण हसतो आणि पुढची रील बघतो.

पण त्या घोड्याच्या बाजूनं बघा. त्या दहा सेकंदांत त्यानं दोन गोष्टी पक्क्या शिकल्या. एक, माणूस पाठीवर आला की भीती वाटते आणि दुखतं. दोन, त्याला पाडलं की दोन्ही थांबतं. हा धडा पुसणं नवीन धडा देण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. पुढे हीच जनावरं 'खोडीची' म्हणून ओळखली जातात, पडेल भावात एका बाजारातून दुसऱ्या बाजारात हिंडतात. आणि त्यांच्यावरून पडलेल्या माणसाचा हात मोडतो, कधी मान.

माळेगावहून शिंगरू घरी आलं, आता?

परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या आसपास कुणी 'घोडं घ्यायचंय' म्हणालं की पहिलं नाव निघतं माळेगावचं. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमाराला भरते. देवाचं वाहनच घोडा, त्यामुळे इथला जनावरांचा बाजार घोड्यांशिवाय पुरा होत नाही. त्याआधी पंधरवड्यानं, दत्तजयंतीला, तिकडे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचा रुबाब असतो. साध्या शेतकरी घराला मात्र परवडतं ते तट्टू. म्हणजे बुटकं, काटक, कडब्यावर निभावणारं.

असं एखादं शिंगरू घरी येतं. बैलाशेजारी दावणीला बांधलं जातं. गल्लीतली पोरं जमतात. आणि आठ दिवसांच्या आत घरातलं कुणीतरी म्हणतं, "पोराला बसव की जरा, फोटो काढू."

इथेच थांबायचं. त्या पोरासाठी आणि त्या शिंगरासाठी पुढचं सगळं या एका वाक्यावर अवलंबून आहे.

आधी तोंड उघडून बघा

बाजारात विकणारा सांगतो ते वय आणि तोंडातलं वय यात फरक असू शकतो. घोड्याला आधी दुधाचे दात असतात, लहान आणि पांढरेशुभ्र. साधारण अडीच वर्षांचं झालं की समोरचे मधले दोन पडतात, वर आणि खाली, आणि त्या जागी मोठे, पिवळसर, कायमचे दात येतात. साडेतीन वर्षांच्या आसपास त्यांच्या शेजारचे बदलतात, साडेचारच्या आसपास कडेचे. पाच वर्षांना समोरचं तोंड पूर्ण भरलेलं असतं. बैलाचे दात बघून वय सांगणाऱ्या माणसाला हे पाच मिनिटांत समजतं, फक्त बैलाला वरच्या जबड्यात समोर दात नसतात, घोड्याला असतात.

दात का बघायचे? कारण उंचीवरून फसगत होते. दोन वर्षांचं शिंगरू उंचीला जवळजवळ पूर्ण वाढलेलं दिसतं. आतली हाडं मात्र एकाच वेळी पक्की होत नाहीत. हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात, त्या मऊ असतात, हळूहळू हाडात रूपांतर होऊन बंद होतात. खुराजवळच्या हाडांच्या पट्ट्या पहिल्या वर्षातच बंद होतात. पुढच्या गुडघ्याच्या वरच्या पट्टीला दोन-अडीच वर्षं लागतात. आणि पाठीच्या मणक्यांच्या पट्ट्या सगळ्यात शेवटी, पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे ज्या भागावर आपण बसणार, तोच भाग सर्वात उशिरा तयार होतो.

"मग रेसचे घोडे दोन वर्षांचे असतानाच कसे पळतात?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर. हो, पळतात. पण त्यांच्यावर बसणारा जॉकी मोजून-मापून हलका असतो, खाली खास तयार केलेली धावपट्टी असते, डॉक्टर रोज हजर असतात, आणि तरीही कोवळ्या वयात दुखापतीमुळे बाद होणारे घोडे कमी नाहीत. शिवाय कोवळ्या वयात अजिबात हालचाल नको, असंही नाही. मोकळं पळणं, हाताशी धरून चालवणं यानं हाडं उलट मजबूत होतात. धोका आहे तो पाठीवरच्या वजनाचा.

तर हिशेब असा: साडेतीनच्या आत कुणी बसायचं नाही, चार झाली तर उत्तम. दीड वर्षाचं शिंगरू आणलं असेल तर तुमच्या हाताशी दोन वर्षं आहेत. ती वाया जात नाहीत, त्यात काय करायचं ते पुढे येतंय.

शिंप्याची टेप आणि वजनाचं गणित

ही गोष्ट बहुतेक घरांत कुणी करत नाही, आणि खरं तर पाच मिनिटांचं काम आहे. घोड्याचं वजन काट्याशिवाय बऱ्यापैकी काढता येतं. कपडे मोजायची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, सेंटीमीटरमध्ये. मग पुढच्या खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत.

समजा तट्टाचा घेर १४० सेंटीमीटर आणि लांबी १२५ आली. तर वजन साधारण २०६ किलो.

आता घोड्यानं किती वजन घ्यावं? जगभर वापरला जाणारा ढोबळ आकडा आहे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या २० टक्के, खोगिरासकट. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के वजन ठेवून त्यांना काम दिलं. २० टक्क्यांपर्यंत फारसा फरक पडला नाही. २५ आणि ३० टक्क्यांना मात्र ठोके वाढले, स्नायू दुखायला लागले. हे सगळे पूर्ण वाढलेले घोडे होते, कोवळे नव्हेत.

आपल्या तट्टाचे २० टक्के म्हणजे ४१ किलो. खोगिराचे पाच-सात वजा करा. उरले पस्तीसच्या आसपास. म्हणजे मिशीवाला, सत्तर किलोचा काका त्या तट्टावर बसून यात्रेत मिरवत असेल तर ते दृश्य कितीही झोकदार दिसो, खालच्याला ते दुप्पट ओझं आहे.

इथे कुणी कायदा पुढे करेल. ओझ्याच्या जनावरांबाबतच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टासाठी ७० किलोची मर्यादा आहे, हे खरं. पण ती त्यापलीकडे जाऊच नये अशी कमाल आहे, आणि पाठीवर नीट बांधलेल्या ओझ्याची आहे. कोवळ्या जनावराला पहिल्या दिवशी झेपेल असा तो आकडा नाही.

यातून एक खरी अडचण उभी राहते. तट्टाला झेपेल इतक्या वजनाचं घरात फक्त लहान पोर असतं. आणि पहिल्यांदा बसण्याचं काम पोराचं तर अजिबातच नाही, ते सराईत मोठ्या माणसाचं. मग करायचं काय? ज्यांना हे काम येतं ते मधली वाट काढतात: जमेल तितका हलका, अंगानं सडसडीत, घोड्यावर वाढलेला माणूस शोधायचा, त्यानं दोन-चार मिनिटंच बसायचं, फक्त चालीवर. आणि बाकीचं बहुतेक शिक्षण जमिनीवरून द्यायचं. तट्टू फारच बुटकं असेल तर त्याच्यावर मोठ्यानं बसायचा विचारच सोडायचा. रेतीच्या छोट्या, दोन्ही बाजूंना सारख्या भरलेल्या पिशव्यांनी पाठीवरच्या वजनाची सवय करायची आणि पोर बसेल तेव्हाही महिनोन् महिने दोरी मोठ्या माणसाच्याच हातात ठेवायची.

आपली भाषा घोडा 'मोडत' नाही, 'फेरते'

इंग्रजीत शिंगराला स्वारीसाठी तयार करण्याला सर्रास 'ब्रेकिंग' म्हणतात, म्हणजे मोडणं. मराठीत जुना शब्द आहे 'फेरणे'. घोडा फेरणे म्हणजे त्याला फिरवून-फिरवून शिकवणं. हे काम करणाऱ्याला 'चाबूकस्वार' म्हणत. आणि 'कावा' हा शब्द ऐकला की आपल्याला गनिमी कावा आठवतो, पण दोरीवर घोड्याला गोल चकरा मारायला लावणं हाही त्याचाच एक जुना अर्थ. काव्यावर धरलेला घोडा म्हणजे रिंगणात फिरवून शिकवला जाणारा घोडा.

हे गोल फिरवणं किती जुनं असावं? साधारण ३,४०० वर्षांपूर्वी मितन्नी राज्यातल्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा मजकूर आजच्या तुर्कस्तानात मातीच्या पाट्यांवर सापडला आहे. रथाच्या घोड्यांना दिवसागणिक कसं तयार करायचं याचा तो वेळापत्रकासारखा तपशील आहे. त्यात फेऱ्यांसाठी शब्द येतात ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात. परभणीच्या माणसालाही दुभाष्या लागू नये!

ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफॉननं घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की शिंगरू शिकवणाऱ्याकडे पाठवायच्या आधीच ते घरी माणसाळलेलं असायला हवं आणि घोड्याशी वागताना रागाला थारा देऊ नये. आपल्याकडे सभासद बखरीत शिवरायांच्या पागेची व्यवस्था आहे: पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, शिवाय एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर यांच्यासाठी वेगळी माणसं. भीमथडीच्या तट्टांची जी कीर्ती आपण ऐकतो तिच्यामागे अशी रोजची कंटाळवाणी कामं होती.

दोन वर्षं जमिनीवर

घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे आंधळी जागा. त्याची कातडी इतकी हळवी की माशी बसली तरी नेमकी तेवढीच जागा थरथरवून तो ती उडवतो. आणि त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवात पाठीवर अचानक येऊन पडणारी वस्तू म्हणजे वाघ-बिबट्या. आपण उडी मारून बसतो तेव्हा त्याला आपण कोण वाटत असू याचा विचार करा.

म्हणून पहिलं काम ओळखीचं. रोज खरारा. मान, पाठ, पोट, मागच्या पायांच्या आतली बाजू, सगळीकडे हात फिरायला हवा. चारही पाय उचलून खूर साफ करू दिले पाहिजेत. मोरकी घालून दोरीनं चालवणं, थांबवणं, मागे सरकवणं. ट्रॅक्टर, फटफटी, शाळा सुटल्यावरचा कालवा, वाऱ्यानं फडफडणारी ताडपत्री, हे सगळं आधी लांबून, मग जवळून.

शिकवण्याचं गुपित एकच आहे आणि ते ओढण्यात नसून सोडण्यात आहे. दोरीला हलका ताण द्या. शिंगरानं एक पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी ताण सोडा. त्याला कळतं, पाऊल टाकलं की दाब जातो. तुम्ही ताण तसाच ठेवलात तर त्याला पाऊल टाकून काय मिळालं? दोन-तीन सेकंद उशीर झाला तरी त्याला त्याचा संबंध लागत नाही. बैलाला कासऱ्यानं वळवणारा चांगला गडी हे नकळत करतोच.

'दमवून शिकवायचं' ही मात्र आपल्याकडची हट्टी समजूत आहे. नांगरटीत पळवायचं, पळवायचं, घामानं निथळलं की बसायचं. दमलेलं जनावर शांत दिसतं, पण ते शिकलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी ताजंतवानं झालं की पहिल्यापासून सुरू. पाय बांधून, पाडून, 'हार मानेपर्यंत' धरून ठेवणं तर त्याहून वाईट. त्यानं जनावर गप्प होतं, सुन्न होतं. आणि सुन्न घोडा कधी फुटेल ते सांगता येत नाही.

जमिनीवरून आपल्याकडे एक जास्तीची सूचना. कुठे फिरवताय ते बघा. आपली काळी जमीन पावसाळ्यात पायाला गोळे धरते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात. कापूस काढलेल्या रानात पऱ्हाटीचे खुंट असतात, एक खुपला तरी खुराचं काम झालं. सोयाबीन निघून रोटाव्हेटर मारलेलं सपाट रान त्यातल्या त्यात बरं, तेही वाफसा असताना. लहान गोल करून फार वेळ फिरवू नका, सांध्यांवर ताण येतो. दहा मिनिटं, दोन्ही बाजूंना सारखी.

याच काळात डॉक्टरांचं काम उरकून घ्या. धनुर्वाताची लस घोड्याला हवीच, या रोगाला तो फार लवकर बळी पडतो. दाढांच्या पुढे एखादा छोटा, निरुपयोगी दात असतो, तोंडातली कडी त्यावर आपटली की घोडं डोकं झाडतं आणि आपण त्याला अडेल म्हणतो. तो दात आधीच तपासून घ्यायचा. यात्रेतून आणलेल्या घोड्याची शेंबा रोगासाठी, म्हणजे ग्लँडर्ससाठी, रक्ततपासणी झाली आहे का तेही विचारा. तो माणसालाही होतो. ताडकळसकरांचं एक बरं आहे, १९७२ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीतच आहे.

खोगीर: सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे

पाठीवर आधी साधं पोतं टाका. ते घसरू द्या, पडू द्या, पुन्हा टाका. दोन्ही बाजूंनी. मग पोटाखालून पट्टा, सैल. दिवसागणिक एकेक भोक घट्ट. तंग एकदम आवळला की जनावराचा श्वास अडकतो आणि ते उधळतं. एकदा तंगाची भीती बसली की जन्मभर खोगीर बघताच पाठ फुगवणारं घोडं तयार झालंच म्हणून समजा.

मग खोगीर. आत घातलेली भरती एका बाजूला गोळा झालेली नाही ना, हे हात घालून बघा. 'खोगीरभरती' हा शब्द आपण फालतू माणसांसाठी वापरतो, पण खऱ्या खोगिरातली भरती फालतू नसते. कण्याला खोगीर टेकता कामा नये, वजन दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडलं पाहिजे. मधून उजेड दिसायला हवा. खोगीर घालून काही दिवस नुसतं फिरवा, मग रिकिबी मोकळ्या सोडून फिरवा, म्हणजे काहीतरी अंगाला आपटतंय याची सवय होते.

तोंडात साधी, गुळगुळीत कडी. काटेरी कडी लावू नका. अणकुचीदार लगाम वर सांगितलेल्या १९६५ च्याच नियमांनी बंद आहेत, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात आजही दिसतात. कडी घालून मागून दोन लांब कासऱ्यांनी हाका, अगदी औताच्या बैलासारखं. वळ, थांब, चल. पाठीवर कुणी नसतानाच त्याला तीनही शब्द कळायला हवेत.

तो दिवस

इतकं झालं की प्रत्यक्ष बसणं हा सगळ्यात छोटा आणि खरं तर कंटाळवाणा भाग उरतो. कंटाळवाणाच व्हायला हवा. रील काढण्यासारखं काही घडलं तर समजायचं, कुठेतरी घाई झाली.

सकाळची वेळ, वारा नाही, कुत्रं बांधलेलं, फाटक बंद. माणसं तीनच: एक तोंडापाशी, एक आधार द्यायला, एक बसणारा. बघे नकोत. बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, दुचाकीचं नव्हे, घोडेस्वारीचं असेल तर उत्तम. पायात टाच असलेला बंद बूट, चप्पल अजिबात नको. चपलेचा पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि माणूस पडला तर तसाच फरफटत जातो. गळ्यातला गमछा काढून ठेवा. तोंडापाशी उभ्या असलेल्यानं समोर नव्हे तर खांद्याच्या बाजूला उभं राहायचं आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच.

आधी रोजचं जमिनीवरचं काम, पाच-दहा मिनिटं. मग शिंगराला ओट्याशेजारी किंवा भक्कम पेटीशेजारी उभं करायचं. बसणारा वर चढतो आणि नुसता उभा राहतो. शिंगराला आजवर माणूस स्वतःपेक्षा उंच दिसलेला नसतो, तेवढंच त्याला नवीन पुरे. पाठीवर हात, खोगिरावर थाप, खाली. पुन्हा वर. ओट्याचा दुसरा फायदा असा की जमिनीवरून रिकीब ओढून चढताना पाठ एका बाजूला खेचली जाते, ते टळतं.

मग आडवं पडायचं. पोत्यासारखं, पोट खोगिरावर, पाय अजून याच बाजूला. तीन सेकंद. खाली. शिंगरू हललं तर हलू द्या, तोंडाशी असलेल्यानं त्याला खिळवून धरायचं नाही. आडवं का? कारण काही बिनसलं तर माणूस सरळ आपल्या पायांवर घसरून उतरतो. एकदा टांग टाकली की उतरणं इतकं सोपं राहत नाही. दुसऱ्या बाजूनं हात लांबवून थोपटायचं, म्हणजे त्या डोळ्यालाही कळतं की वर कुणीतरी आहे. असं दहा वेळा, दोन-तीन दिवस. आडवा माणूस घेऊन शिंगरू दोन पावलं निवांत चाललं पाहिजे.

टांग टाकायची वेळ आली की छाती मानेशी खाली ठेवायची, पुठ्ठ्याला पाय घासू द्यायचा नाही आणि धपकन बसायचं नाही. हळूच वजन सोडायचं. मग सावकाश सरळ व्हायचं. श्वास घ्यायचा, हे गमतीनं सांगत नाही. पहिल्यांदा बसणारे श्वास रोखतात, अंग ताठ होतं आणि घोड्याला ते लगेच कळतं. मानेच्या मुळाशी खाजवायचं. दहापर्यंत मोजायचं. उतरायचं.

संपलं. त्या दिवशी पुन्हा बसायचं नाही. "एकदा चांगलं केलंय तर अजून एक फेरी मारू" हा मोह फार मोठा असतो, आणि बहुतेक अपघात त्या दुसऱ्या फेरीत होतात, असं जाणत्या माणसांचं म्हणणं असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोरीवर पाच-सात पावलं. आठवड्यानं रिंगणात एक फेरी. दुडकी फार पुढची गोष्ट.

घोडं बोलतं, फक्त तोंडानं नाही

कान मागे चिकटले, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, शेपूट घट्ट दाबली, खोगिराखाली पाठ कमानीसारखी वर आली, तर एक पायरी मागे जा. भांडू नका. मान खाली आली, जबडा चघळल्यासारखा हलला, नाकातून लांब श्वास सुटला, तर ठीक चाललंय. परवापर्यंत शहाणं असलेलं शिंगरू एके दिवशी अचानक खोगीर नाकारतं तेव्हा आपण 'माजलंय' म्हणतो. आधी तंगाखाली हात घाला. जखम, सूज, काटा, उलटलेले केस, यातलं काहीतरी सापडण्याची शक्यता बरीच असते. काही सापडलं नाही तर तोंड बघा. तीन ते पाच वर्षांच्या काळात दात बदलत असतात, आणि दात बदलताना कडी कुणालाही नको वाटते. अशा वेळी कडी काढून नुसत्या मोरकीवर काम चालू ठेवता येतं.

पोराला कधी बसवायचं? त्या हलक्या, सराईत माणसाखाली तट्टू चार-सहा महिने शांत चाललं, थांब म्हटलं की थांबलं, शेजारून फटफटी गेली तरी जागचं हललं नाही, तेव्हा. तेव्हाही डोक्यावर हेल्मेट आणि दोरी मोठ्यांकडे. ज्या तट्टावर मोठ्यानं बसायचंच नाही असं ठरलं, त्याची हीच परीक्षा पिशव्या आणि दोरीवर घ्यायची, आणि मग दोरीचे महिने आणखी वाढवायचे.

आणि वरातीला? लग्नसराईत घोडीला चांगली मागणी असते, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. डीजेचा आवाज, फटाके, डोळ्यांवर येणारे दिवे, चहूबाजूंनी गर्दी आणि वर कधीच घोड्यावर न बसलेला नवरदेव, तोही फेटा-शेरवानीसह ऐंशी किलोचा. दोनशे किलोच्या तट्टाला हे काम नाहीच. मोठ्या चणीच्या घोडीलाही तोंड पूर्ण भरल्याशिवाय, म्हणजे पाच वर्षांच्या आत, नको. त्याआधी वर्षभर तिला रिकाम्या पाठीनं वरातींच्या कडेनं चालवून आणा, आधी शेवटच्या टोकाला, जिथे बायका-पोरं चालतात, आणि मग हळूहळू पुढे बँडपर्यंत.